आरशाला लागलेलं कुंकू

१२ सप्टें. ८४, बुध.
शैलीचा आरसा आला एकदाचा. पावसाळ्याआधीपासून येतो येतो चाललं होतं. केवढा ते कागदावर काढून दाखवलं. शर्टाच्या बटणाएवढा. मी चित्रावर बोट ठेवलं तर म्हणाली, खऱ्या आरशाला असं बोट लावलं असतंस ना आजी, तर संपलं असतं सगळं. एवढा नाजूक असेल तर कशाला मागवायचा. पण पोरगी कित्येक दिवसांनी हसत होती.
दत्ता म्हणाला पितृपक्ष आहे, नवी वस्तू बसवू नको. घट बसले की बसव. शैली म्हणाली, बाबा, तेवढा वेळ नाही, उद्याच बसवते. गिरणी बंद पडल्यापासून माझा मुलगा दोनच कामांना तोंड उघडतो. जेवायला आणि शकुन सांगायला.

१५ सप्टें., शनि.
ही डायरी शैलीनेच दिली. म्हणाली, दिवसभर बोलतेस ते यात लिही, घरात शांतता होईल. माझी शाळा मालवणात दुसरीपर्यंत. जोडाक्षरं चुकली तर चुकली, तपासायला कोण मास्तर बसलाय.
आज शेजारच्या शहाबेननी विचारलं, तुमची नात कॉलेज संपून इतकी वर्षं झाली तरी शिकते काय? मी म्हटलं, काच हलते ते बघते. बाईला वाटलं मी थट्टा करते. खरं तेच सांगितलं होतं.
केसाएवढी बारीक काचेची पट्टी. हवा काढून घेतलेल्या लोखंडी भांड्यात ठेवलेली. कोणी हात लावत नाही, वारा नाही, तरी ती आपली आपण थरथरते. कशाने, तर उबेने म्हणे. उबेने आपण घामाघूम होतो, काच थरथरते. ती थरथर डोळ्याला दिसण्यातली नाही, म्हणून लाल उजेडाची बारीक रेघ सोडायची. अर्धा उजेड पट्टीवरून परत, अर्धा त्या बटणाएवढ्या आरशावरून परत, दोन्ही एकत्र आले की फरक कळतो. हे मी चारदा विचारून लिहिलं. चौथ्यांदा चिडली.

१९ सप्टें., बुध.
पहाटेची पहिली बस धरून शैली जाते अंधेरीच्या लॅबला. रस्त्यावर ट्रक सुरू व्हायच्या आत थोडा वेळ मिळतो तेवढाच. मग खाणीत सुरुंग उडतात, शेजारच्या कारखान्याचा भोंगा, आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे कंपाउंडातला पाण्याचा पंप. तो लागला की थरथर नोंदणाऱ्या कागदावर नुसती झाडी उगवते म्हणाली.
डबा तसाच परत. भेंडीची भाजी. मी काय माझ्यासाठी चिरते?

२३ सप्टें., रवि.
आज स्वतः गेले डबा घेऊन. म्हटलं बघूया एवढं काय आहे ज्यापायी पोरगी हाडकुळी झाली.
दारातच चपला काढायला लावल्या. देवळात गेल्यासारखं. आत एक दगड, थडग्यावर असतो तेवढा, आणि त्याच्याखाली काय, तर स्कूटरच्या ट्यूबा. फुगवलेल्या. जमिनीचा हादरा वर चढू नये म्हणून. शैली रोज सायकलच्या पंपाने त्यात हवा भरते. पीएचडी करते म्हणून आम्ही सांगत फिरतो आणि बाई पंक्चरवाल्याचं काम करते.
तिचे सर होते. भला माणूस, पण बोलताना वाक्य पुरं करत नाही. म्हणाले, आजी इथे कोपऱ्यात बसा, जरा स्थिर. बसले. मग नेमका खोकला आला. कागदावर रेघ मारणारं पेन असं उडालं की शैलीने डोकं धरलं. सर म्हणाले, इथे श्वास घेतला तरी नोंद होते. मी म्हटलं, मग घेत जाऊ नका. हसले बिचारे.
येताना शैलीला विचारलं, उजेड जास्त सोड ना, चांगलं दिसेल. तर म्हणाली, तीच तर गोम आहे आजी. उजेड जास्त टाकला की उजेडच त्या काचेला ढकलतो. कमी टाकला तर दिसत नाही. सगळ्याच्या तळाशी एक हद्द आहे, तिच्याखाली कोणालाच जाता येणार नाही, कितीही पैसेवाला देश असो. मी विचारलं, तू पोहोचलीस तिथवर? म्हणाली, छे गं, ती फार लांब. मला नुसता उबेचा उंचवटा दिसला तरी पुरे. कागदावर एक उंचवटा. तेवढा दाखवला की डिग्री.
एका उंचवट्यासाठी. आमच्या मालवणच्या रस्त्यात किती होते.

२६ सप्टें., बुध.
घट बसले. खाली पटांगणात गरब्याचा मंडप. स्पीकर आमच्याच खिडकीकडे तोंड करून. ओरडून आले, अर्धा फूट वळवला, तेवढाच.
शैली आली ती चप्पल न काढता मोरीपाशी उभी. सर दिवाळीनंतर रिटायर होतात ते माहीत होतं. आज कळलं की त्यांच्यामागे ती खोली कॉम्प्युटरला द्यायची ठरली. दगड, ट्यूबा, भांडं सगळं बाहेर. दिवाळी संपेपर्यंत उंचवटा दिसला तर सर जाता जाता सही करतील. नाही दिसला तर नवा गुरू, नवा विषय, पहिल्यापासून. म्हणाली नवा गुरू मला घेणारच नाही आजी, वय झालंय. मी म्हटलं, माझ्यासमोर वयाचं बोलू नकोस.
नवा आरसा बसवूनही कागदावर झाडीच आहे. का ते तिला कळत नाही.
दत्ताला कळतं. म्हणाला, पितृपक्षात बसवला ना. मी म्हटलं तोंड आवर.

३० सप्टें., रवि.
दत्ता सकाळपासून कपाट उचकतोय. काय हवंय विचारलं तर गिरणीतली जुनी कातर. दसऱ्याला पुजायची म्हणे.
गिरणीत हा जॉबर होता, म्हणजे मुकादम, मागाच्या खात्यात. खंडेनवमीच्या संध्याकाळी अख्खं खातं धुवायचे, मागाला तेल, झेंडूचे हार, प्रत्येक मागाला हळदकुंकवाची बोटं. कुंकू पाण्यात कालवायचं, कोरडं लोखंडाला धरत नाही. हे मी त्याच्याच तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेलं. मला एकदाच नेलं होतं, शैली कडेवर होती. तिची आई वारल्यानंतरचं पहिलं वर्ष. मशीन बंद असताना तिथे एवढी शांतता होती की पोरगी रडायला लागली.
आता गोदामात खोके मोजतो. खोक्यांना कोण कुंकू लावणार. कातर मिळाली नाही. बोहारणीला मीच दिली असेन, आठवत नाही, आणि आठवलं तरी आज सांगणार नव्हते.

४ ऑक्टो., गुरु. दसरा
श्रीखंड केलं. शैलीने एक चमचा खाल्लं आणि गेली. आज सुट्टी, कारखाने बंद, खाण बंद, असा दिवस वर्षात मिळत नाही म्हणाली. दत्ता म्हणाला मी तुझा डबा घेऊन येतो मागून. मला बरं वाटलं, उठला तर खरा. जाताना करंडा मागितला. म्हटलं कशाला, तर म्हणाला लॅबच्या दाराला दोन बोटं लावतो, तोरण बांधतो. दाराला म्हणाला. मी दिला.
संध्याकाळ झाली. तो आला, खुशीत होता. शैली नाही अजून.

५ ऑक्टो., शुक्र.
लिहायला बसले पण डोकं तापलंय.
काल शैली सरांकडे सोनं द्यायला गेली होती, त्याच आवारात राहतात ते. आपट्याची पानं देऊन, पाया पडून लगेच येते म्हणाली. बापाला म्हणाली बाबा बसा, दार ओढून घ्या. आरशावरच्या पेटीचं झाकण उघडं, लाल दिवा चालू, कारण तो तापावा लागतो. दत्ताने डबा ठेवला आणि एकटाच असताना सगळ्याची पूजा केली. दगडाला झेंडूचा हार. दिव्याच्या डब्याला बोट. पेनाला बोट. सायकलच्या पंपाला बोट. उदबत्ती. आणि शेवटी मानाची वस्तू म्हणून त्या आरशाला. पाण्यात कालवलेलं कुंकू. नीट, मधोमध.
ती आली तेव्हा उदबत्तीचा वास होता, हार होता, ती हसली म्हणे. वाटलं तेवढंच. बाप निघाला. मग खोलीत अंधार करून कामाला बसली तर उजेडच परत येईना. हिला वाटलं दगड हलला. स्क्रू फिरवत बसली, सगळं जुळवलेलं बिघडवत. लाल उजेडात लाल कुंकू दिसतच नाही. पांढरंच वाटतं. शेवटी वैतागून ट्यूबलाइट लावली तेव्हा दिसलं.
कापूस, स्पिरिट, सगळं करून पाहिलं. आरशावरचा मुलामाच निघाला, बोटाच्या आकाराने.
दत्ताला मी बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. एवढंच म्हणाला, आये, चांगल्यासाठी केला.

८ ऑक्टो., सोम.
घरात तीन माणसं आणि बोलते मी एकटी. शैली त्याच्यासमोर ताट वाढून ठेवते, बाबा म्हणून हाक मात्र मारत नाही. ओरडली असती तर बरं. मला न ओरडणारी माणसं समजत नाहीत.
आज चहा पिताना एवढं झालं. शैली भिंतीकडे बघून म्हणाली, तुमच्या मागावर सूत चालू असताना कोणी कुंकू टाकलं असतं तर?
दत्ता म्हणाला, "चालू मागाला कोण लावतो गो? दसऱ्याला माग बंद असायचा. तुझं मशीन बंद कधी असतं ते तरी सांग."
पहाटेपासून चालू, अंगात ताप असला तरी चालू.
दोघांच्या मधे बसून मीच चहा संपवला. गार.

१२ ऑक्टो., शुक्र.
जुनाच आरसा परत बसवला. कोपऱ्यात चरा गेलेला, म्हणून तर नवा मागवला होता. उजेड कमी परत येतो, कचरा जास्त. सर म्हणाले, आता काय, बघा, म्हणजे... आणि वाक्य सोडलं. ह्या माणसाने आयुष्यात एक तरी वाक्य संपवलं असतं तर पोरीची डिग्री झाली असती.
हळूहळू स्क्रू परत जुळतायत. केस धुतलेले नाहीत तिने. मी तेलाची वाटी घेऊन मागे लागले तर म्हणाली तेलाचा हात लॅबमध्ये चालत नाही. काहीच चालत नाही. कुंकू नाही, तेल नाही, खोकला नाही, आजी नाही.

१७ ऑक्टो., बुध.
उंचवटा दिसला.
म्हणजे दिसला असं वाटतं. कागद घरी आणला, जमिनीवर पसरला. झाडीत मधेच एक टेकाड. मी म्हटलं हे काय, झालं की. तर म्हणाली, झालं नाही. तो पाण्याचा पंप गुणगुणतो तेही कागदावर जवळपास तिथेच उमटतं. हे काचेचं की पंपाचं, कोण सांगणार?
दत्ता दारात उभा राहून लांबून कागद बघत होता. आत आला नाही. कागदाच्या वाऱ्यालासुद्धा भितो आता.

२१ ऑक्टो., रवि.
शैलीने सांगितलं, एकच परीक्षा आहे. भांड्यात थोडी थोडी हवा सोडायची. काचेची थरथर असेल तर हवेत ती जखडते, उंचवटा बसतो, पसरट होतो. पंपाचा असेल तर हवेशी त्याचं काय देणंघेणं, तसाच उभा राहील. मग कर की, मी म्हटलं. म्हणाली त्यासाठी जरा सलग शांतता पाहिजे, आणि दिवाळी आली तोंडावर. आजच पोरांनी सुतळी बॉम्बची सुरुवात केलीये. प्रत्येक बॉम्बला पेन उडतं.
सरांनी खोलीची किल्ली सोमवारी, २९ ला द्यायची आहे.
चकलीची भाजणी करायची राहिली. करायची आहे का कोणास ठाऊक. यंदा खाणार कोण.

२४ ऑक्टो., बुध. लक्ष्मीपूजन
केली भाजणी. चकल्या तुटल्या. मनच नाही तर सोऱ्यातून काय सरळ पडणार.
दिवसभर आवाज. शैली लॅबमधून दुपारीच परत. कानावर उशी घेऊन पडली. संध्याकाळी पूजेला करंडा उघडला आणि आम्ही तिघंही त्यातल्या कुंकवाकडे बघत राहिलो. शेवटी मीच लावलं लक्ष्मीला. तिला चालतं.

२६ ऑक्टो., शुक्र. भाऊबीज
ह्या घरात ना भाऊ आला ना बहीण. दत्ता मात्र दुपारी न सांगता बाहेर, दिवेलागणीला परत. कुठे गेला होतास, तर अंधेरीला. मी चमच्यासकट कढई खाली ठेवली. म्हटलं आत गेलास? म्हणाला, नाय गो आये, पंपावरच्या माणसाकडे गेलो होतो. रत्नागिरीकडचा निघाला. त्याला चकल्या दिल्या. तुटक्या. रविवारी सकाळी पाणी उशिरा चढवतो म्हणाला, टाकी आदल्या संध्याकाळी भरून ठेवतो.
हे त्याने मला सांगितलं. शैलीला नाही. सांग की तिला, तर म्हणाला तू सांग.
मी काय ह्यांची पोस्टमन आहे? सांगितलं. तिने नुसतं बरं म्हटलं. पण मग ताटं उचलताना विचारलं, स्वतः गेले होते का ते?

२८ ऑक्टो., रवि.
आज तिघंही गेलो. पहाटेच्या बसला मी, मांडीवर घडीचं स्टूल. कंडक्टर म्हणाला आजी कुठे बाजार? मी म्हटलं गाडी चालव.
शैली आत. दत्ता पंपाच्या खोलीपाशी, त्या माणसाबरोबर बिडी ओढत, म्हणजे पहाराच. मी फाटकाबाहेर गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकून. उरलेले बॉम्ब घेऊन पोरं येणार हे मला माहीत होतं, आणि आलीच. एकाच्या हातात पेटती उदबत्ती. मी म्हटलं, मेल्यांनो, इथे एक बॉम्ब वाजला तर तुमच्या आयांना शोधून काढीन. एक म्हणाला, आजी हॉस्पिटल आहे का आत? मी म्हटलं हो. पेशंट कोण? म्हटलं काच. त्यावर त्यांना वाटलं असावं म्हातारी वेडी आहे, वेड्याला पोरं भितात, गेली निघून. ट्रक एक आला, त्याला मी काही करू शकले नाही.
ऊन चढल्यावर शैली बाहेर आली, हातात कागदाची गुंडाळी. चेहऱ्यावरून काही कळेना.
मी विचारलं, बसला का उंचवटा?
"थोडा बसला."
थोडा म्हणजे किती?
"तेच सांगता येत नाही ना आजी. चरा गेलेल्या आरशातून एवढंच दिसतं. नवा असता तर..." एवढं बोलून थांबली. सरांची सवय लागली हिला पण.
दत्ता मागे उभा होता. त्याने ऐकलं. म्हणाला, पंप बंदच होता. मी हात ठेवून बसलो होतो त्याच्यावर, गार होता.
शैली त्याच्याकडे वळली. म्हणाली, "माहीत आहे, बाबा. पण बाकीही खूप काय काय असतं."
दसऱ्यानंतर पहिल्यांदा बाबा म्हणाली. एवढंच. काही गळ्यात पडणं वगैरे नाही, आमच्यात पद्धत नाही. बसमध्ये दोघं वेगवेगळ्या सीटवर बसले, मी मधल्या सीटवर, गुंडाळी माझ्या मांडीवर. हलवू नको म्हणाली. बस हलत होती, मी काय करणार.
सर आज रात्री कागद बघणार. सही की नाही ते उद्या.

२९ ऑक्टो., सोम.
शैली सकाळी सरांकडे गेली. सर म्हणाले, दिसतंय खरं, पण म्हणजे... पुन्हा एकदा घेतलं असतं तर... आणि खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवलं. सही नाही, नकारही नाही. कॉम्प्युटरवाले आले होते, टेप लावून खोली मोजून गेले. तो दगड बघून म्हणाले हा कसा न्यायचा, उचलायला माणसं आणायला लागतील, चार दिवसांनी येतो. किल्ली सरांकडेच ठेवलीये तोपर्यंत, कोणी मागितली नाही.
मी म्हटलं, मग चार दिवस आहेत. शैली म्हणाली, असे नसतात आजी दिवस. आणि लगेच विचारायला लागली की खाण बुधवारी बंद असते का.
दत्ताची आज गोदामाला दुपारची पाळी. जेवण झाल्या झाल्या चप्पल घातली आणि दाराआडचा सायकलचा पंप उचलला. शैलीचा, खोली जाणार म्हणून सकाळीच घरी आणलेला. मी म्हटलं कुठे? म्हणाला अंधेरीला, ट्यूबांमधे हवा मारून तसाच पुढे कामावर.
म्हटलं, अरे खोली जायचीये. दगड जायचाय. हवा कशाला?
"जाईल तेव्हा जाईल गो आये. तोपर्यंत दगड बसलेला दिसता नये."
शैली आतून म्हणाली, डाव्या बाजूची जास्त उतरते, ती आधी बघा. आणि चपला बाहेर.
गेला. भांडी घासायची आहेत.